किरकोळ अपघात जागेवर मिटवला, मग दवाखान्याचं बिल कोण भरणार?

सोलापूर ग्रामीण : ऊस हंगाम सुरू झाला की करमाळा, माढा, माळशिरस, पंढरपूर या तालुक्यांतले रस्ते रात्रंदिवस जागे राहतात. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, उसाच्या बैलगाड्या, दुधाच्या गाड्या, शाळेच्या बस आणि त्यातच पंढरपूरला निघालेल्या भाविकांच्या कार. एवढ्या गर्दीत कुठं ना कुठं घासाघासी होतेच. कुणाचा आरसा जातो, कुणाचं मडगार्ड चेपतं, कुणी मोटारसायकलसकट साईडपट्टीवर जाऊन पडतं. पाच-दहा मिनिटांत माणसं जमतात, दोन-चार जाणते मधे पडतात, हजार-दोन हजार हातावर टेकवले जातात आणि जो तो आपल्या वाटेला लागतो. पोलीस ठाण्यात त्याची एक ओळही लिहिली जात नाही.

ही पद्धत सरसकट चुकीची आहे असं कुणी म्हणणार नाही. चेपलेल्या पत्र्यासाठी दिवसाचा रोजगार बुडवून ठाण्याच्या बाकड्यावर कोण बसणार? आरसा फुटला, आरशाचे पैसे मिळाले, विषय संपला. अडचण येते ती माणसाला लागलेलं असतं तेव्हा. कारण अपघात किरकोळ होता की मोठा, हे रस्त्यावर कळत नाही. ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळतं.

समजा, एक जण डेअरीला दूध घालून मोटारसायकलवर घरी निघालाय. मागे आई बसलीय. फाट्यावर कार वळताना धक्का लागतो, दोघं पडतात. पोराचं कोपर खरचटतं, आई उठून बसते, म्हणते, "काही नाही झालं, थोडं कंबरेत चमकतंय." कारवाला भला माणूस असतो. दोन हजार देतो, मोबाईल नंबर देतो, "काही लागलं तर फोन करा" म्हणतो. रात्री आईला पाय टेकवेना होतो. सकाळी एक्स-रेमध्ये खुब्याचं हाड मोडल्याचं निघतं. म्हातारपणी खुबा मोडला की ऑपरेशन आलं, महिनोन्‌महिने अंथरूण आलं, आणि खर्च लाखाच्या घरात गेला. आता कारवाल्याला फोन लावला तर तो एकदा उचलतो, दोनदा उचलतो, तिसऱ्यांदा लागत नाही. गाडीचा नंबर कुणी लिहून घेतलेला नसतो. जे जाणते मधे पडले होते ते म्हणतात, "आम्हाला वाटलं मिटलं."

इथून पुढं बहुतेक घरं आणखी एक गोष्ट करून बसतात, आणि तीच सगळ्यात महाग पडते.

"घसरून पडली" असं सांगू नका

दवाखान्यात गेल्यावर पहिला प्रश्न असतो, कसं लागलं? पोलिसांची कटकट नको म्हणून नातेवाईक सांगून मोकळे होतात, "गाडीवरून घसरून पडली," नाहीतर "बाथरूममध्ये पाय घसरला." अपघात म्हटलं की दवाखान्याला एमएलसी करावी लागते, म्हणजे पोलिसांना कळवावं लागतं. काही ठिकाणी दवाखान्यातूनच हळूच सुचवलं जातं, "पोलीस केस करायची का साधं लिहू?" माणूस घाबरलेला असतो, साधं लिहा म्हणतो.

तो केसपेपर पुढं पुरावा होतो. भरपाईचा दावा लावायचा ठरलं तर विमा कंपनीचा वकील पहिल्यांदा तोच कागद काढतो. पहिल्या दिवशी तुम्हीच घसरून पडल्याचं सांगितलं, आता पंधरा दिवसांनी कार कुठून आली? याला उत्तर देता येतं, पण फार जड जातं. खरा अपघात असूनही दावा संशयात अडकतो. म्हणून पोलिसांकडे जायचं की नाही हे नंतर ठरवा, पण डॉक्टरला जे झालं तेच सांगा. वाहनाचा प्रकार, ठिकाण, वेळ केसपेपरवर लिहिली गेली पाहिजे.

कायदा काय सांगतो

मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम १३४ याच गोष्टीसाठी आहे. अपघातात माणसाला लागलं किंवा दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान झालं, तर जखमीला औषधोपचार मिळवून देणं ही चालकाची जबाबदारी. तिथं पोलीस नसतील तर जवळच्या ठाण्यात लवकरात लवकर, जास्तीत जास्त २४ तासांत खबर द्यायची. विमा कंपनीलाही लेखी कळवायचं. हे केलं नाही तर कलम १८७ प्रमाणे पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. २०१९ च्या दुरुस्तीआधी हा दंड पाचशे रुपये होता.

कलम १३२ मध्ये गाडी थांबवून नाव-पत्ता देण्याचं बंधन आहे, आणि ते फक्त माणसाला लागल्यावर नाही. जनावरांची यादीच दिलीय. घोडा, गुरं, हत्ती, उंट, गाढव, खेचर, मेंढी, शेळी. रस्त्याकडेच्या मेंढरांच्या कळपात गाडी घालून निघून जाणाऱ्यालाही हे लागू आहे, हे धनगर बांधवांनी लक्षात ठेवायला हरकत नाही. कोंबडी आणि कुत्रं यादीत नाही.

"थांबलो तर लोक मारतील" ही चालकांची तक्रार खोटी नाही. पण कायद्यानं तीही धरलीय. जमाव चिडला असेल, थांबणं शक्यच नसेल, तर जखमीला मदत न केल्याबद्दल कलम १३४ मध्ये सूट आहे. मात्र मग थेट ठाण्यात जायचं आणि का थांबता आलं नाही ते सांगायचं. तिथून निघून घरी जाऊन गाडी गोठ्यामागं लावणारा आणि ठाण्यात जाणारा, या दोघांत कायदा फरक करतो. गावानंही करावा.

१० वर्षांच्या कैदेची भीती

जानेवारी २०२४ मध्ये ट्रकचालकांनी बंद पुकारला, पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या, तेव्हापासून खेड्यापाड्यात एक समज पक्का बसलाय की अपघात झाला की १० वर्षं आत. व्हॉट्सअ‍ॅपवर तो मेसेज अजून फिरतो. वस्तुस्थिती वेगळी आहे. ते कलम, म्हणजे भारतीय न्याय संहितेचं १०६(२), अपघातात माणूस दगावला आणि चालक पोलिसांना न कळवता पळाला तर, एवढ्यापुरतंच आहे. १ जुलै २०२४ ला नवा कायदा लागू झाला तेव्हा नेमकं हेच पोटकलम लागू न करता बाजूला ठेवलं गेलं. किरकोळ दुखापतीच्या अपघाताशी त्याचा काही संबंध नाही.

साधी दुखापत असेल तर साधारणपणे कलम २८१ आणि १२५(अ) लागतं. दोन्हीत सहा महिन्यांपर्यंत शिक्षा किंवा दंड, आणि दोन्ही जामीनपात्र. म्हणजे जामीन हा चालकाचा हक्क आहे. तारखा पडतात, हेलपाटे होतात, ते खरं. पण खबर द्यायला गेलेला माणूस लगेच कोठडीत जातो असं नाही.

दुसरी भीती गाडीची. ठाण्याच्या आवारात गंजत पडलेल्या मोटारसायकली सगळ्यांनी पाहिल्यात. त्या बघून कुणाला वाटेल की आपलीही तिथंच सडणार. मोटार वाहन कायद्याचं कलम १३६ सांगतं की अपघातातलं वाहन तपासणीसाठी नेलं तर ते कुठं नेलं हे मालकाला कळवायचं आणि सोपस्कार झाल्यावर २४ तासांत परत करायचं. प्रत्यक्षात आरटीओची तपासणी, कागदांची जुळवाजुळव यात दिवस जातात, आणि हंगामात आठ दिवस ट्रॅक्टर उभा राहिला तर टोळीचं, मुकादमाचं सगळंच गणित कोलमडतं. लोक ठाण्याची पायरी टाळतात त्यात या वेळखाऊपणाचा वाटा मोठा आहे. गाड्या वेळेत सुटल्या तर खबरा आपोआप वाढतील.

पण खरं कारण बऱ्याचदा तिसरंच असतं आणि ते कुणी उघड बोलत नाही. विमा संपलेला असतो. लायसन नसतं. गाडी पुतण्या चालवत होता आणि पुतण्या दहावीत आहे. नाहीतर ट्रॅक्टरचा विमा शेतीकामाचा आणि ट्रॉली भरलीय कारखान्याच्या भाड्याच्या उसानं. म्हणून मिटवामिटवीची घाई असते. विमा नसल्याचा पहिला दंड कायद्यात दोन हजार रुपये आहे. माणसं त्या दोन हजारांना भितात आणि पुढचा आकडा बघत नाहीत. तृतीय पक्ष विमा चालू असेल तर जखमीची भरपाई कंपनी देते. विमा नसेल तर ती मालकाच्या खिशातून जाते. विमा आहे पण लायसन नाही, अशा प्रकरणांत कंपनीनं आधी भरावं आणि मालकाकडून वसूल करावं असे आदेश न्यायालयं देतात. मोटारसायकलचा तृतीय पक्ष विमा वर्षाला एका खताच्या गोणीच्या आसपास पडतो.

ठाण्यात गेल्यावर

पोलिसांचाही वाटा यात आहे. खबर द्यायला गेलेल्याला "कशाला वाढवताय, दोघं बसून मिटवा" असं तिथंच ऐकायला मिळाल्याचा अनुभव अनेकांचा आहे. मनुष्यबळ कमी, बंदोबस्त जास्त, हे मान्य. पण दखलपात्र गुन्हा असेल तर गुन्हा नोंदवणं बंधनकारक आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे घटना कुठल्याही हद्दीत घडली तरी ठाण्यानं माहिती नोंदवून घ्यायची आहे, त्यामुळे "ती आमची हद्द नाही" हे उत्तर आता चालत नाही. फिर्यादीची प्रत फुकट मिळते. नोंदवून घेतलं नाहीच तर पोलीस अधीक्षकांकडे पोस्टानं लेखी तक्रार पाठवता येते, पुढं न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं.

लगेच गुन्हा दाखल करायची इच्छा नसेल, दुखापत वरवरची वाटत असेल, तरी निदान ठाण्याच्या डायरीला नोंद करून घ्यावी. तारीख, वेळ, ठिकाण, दोन्ही गाड्यांचे नंबर, चालकांची नावं. नंतर दुखणं वाढलं तर ही नोंद कामी येते. ठाणं लांब असेल तर ११२ ला जागेवरून फोन लावावा, त्या फोनची वेळ नोंदली जाते. बीट अंमलदार आणि पोलीस पाटलांना कळवलेलं बरं. गाड्या बाजूला घेण्याआधी मोबाईलमध्ये नंबर प्लेट दिसेल असे चार फोटो काढून ठेवावेत. आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे, पण तो बहुतेक वेळा जखमीचा व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकण्यासाठीच बाहेर निघतो.

मदत करणाऱ्यानं घाबरू नये. कलम १३४-अ प्रमाणे जखमीला दवाखान्यात नेणाऱ्यावर त्यासाठी दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही. नाव सांगायचं की नाही हेही त्याच्या मर्जीवर.

बॉण्डवर लिहून घेणाऱ्यांसाठी एक गोष्ट. "माझी कुणाविरुद्ध तक्रार नाही, मला पुढं काही नको" असा मजकूर जखमीकडून घेतला जातो, तोही अजून एक्स-रे व्हायच्या आत. जखमीनं अशी सही करू नये. पैसे घेतले तर "तातडीच्या औषधोपचारासाठी अमुक रक्कम मिळाली" एवढंच लिहावं, आणि अपघाताचा तपशील त्यात यावा.

नोंद का हवी याचं आणखी एक नवं कारण आहे. केंद्र सरकारनं ५ मे २०२५ पासून रस्ते अपघातातल्या जखमींसाठी रोख रकमेशिवाय उपचाराची योजना लागू केलीय. नेमलेल्या रुग्णालयात सात दिवसांपर्यंत, दीड लाखाच्या मर्यादेत उपचार. यात हा रस्ते अपघातच आहे याला पोलिसांकडून ऑनलाइन दुजोरा लागतो. ठाण्याला खबरच नसेल तर दुजोरा कुठून येणार?

धडक देऊन गाडी पळाली, नंबर मिळाला नाही, अशा वेळी "तक्रार करून काय उपयोग" असं म्हणून लोक गप्प बसतात. त्यासाठीही तरतूद आहे. अज्ञात वाहनाच्या धडकेत गंभीर जखमी झाल्यास ५० हजार आणि मृत्यू झाल्यास दोन लाख रुपये मिळतात. १ एप्रिल २०२२ पासून ही वाढीव रक्कम लागू आहे. पण अपघात झाल्याचा पोलिसांचा कागद त्यालाही लागतोच.

वाहन माहीत असेल तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे भरपाई मागता येते. खबर मिळाल्यापासून ४८ तासांत तपास अधिकाऱ्यानं प्रथम अपघात अहवाल पाठवायचा असतो. आपल्या बाजूनं दावा दाखल करायला कायद्यानं सहा महिन्यांची मुदत ठेवलीय, आणि ती अपघाताच्या तारखेपासून धरली जाते, दुखणं कळलं त्या दिवसापासून नाही.