आधी स्टॅम्प, मग दाद

महाराष्ट्राचे विधी व न्याय मंत्री आणि विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांचे सन्माननीय सदस्य यांस,



मी तालुक्याच्या दिवाणी न्यायालयात वकिली करतो. कोर्ट फीबद्दल आमच्या बार रूममध्ये वर्षानुवर्षं बोलणं होतं, निवेदनं जातात आणि कुठल्या तरी फायलीत जाऊन पडतात. म्हणून आज हे उघडपणे लिहितो आहे. मन दुखावलं आहे, ते लपवत नाही.

माझ्याकडे एक फॅब्रिकेशनवाला पक्षकार येतो. ग्रिल, गेट, शटर, जिन्याचे कठडे अशी कामं करतो. बंगल्यांच्या एका स्कीमचं काम त्याने पुरं केलं आणि बिलाचे 3,80,000 रुपये अडकले. प्लॅस्टिकच्या पिशवीतून त्याने बिलबुक आणलं होतं. कार्बनच्या पिवळ्या प्रतींवर माल उतरवून घेणाऱ्याच्या सह्या होत्या, मोबाइलवर ‘पुढच्या महिन्यात बघू’ असे निरोप होते. लोखंड त्याने व्यापाऱ्याकडून उधारीवर उचललेलं, त्याचं व्याज चालू. मी कागद पाहिले, दावा चांगला आहे असं सांगितलं आणि मग कोर्ट फीचा आकडा कागदावर लिहून दिला. तो बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, ‘साहेब, पैसे त्याने बुडवले. मग भरायचे मी का?’

मला उत्तर देता आलं नाही. कायदा मला पाठ आहे, पण या प्रश्नाचं उत्तर त्यात नाही.

ज्याने पैसे थकवले त्याने माझ्या पक्षकाराला आधीच सांगून ठेवलं होतं, ‘जा, दावा लाव.’ आमच्याकडे हे वाक्य रोज ऐकू येतं. ते म्हणणाऱ्याला कायदा कळत नसेल, पण एवढं पक्कं ठाऊक असतं की समोरच्याला आधी खिशात हात घालावा लागणार आहे. आपण बसवलेल्या फीचा सगळ्यात चांगला उपयोग आज पैसे बुडवणारा करून घेतो आहे, आणि मला जे लागलं आहे ते हेच.

16 जानेवारी 2018 पासून कोर्ट फी कायद्यातली दुरुस्ती लागू झाली आणि फीची कमाल मर्यादा 3 लाखांवरून 10 लाखांवर गेली. 1959 च्या या कायद्यात ही मर्यादा एके काळी 15,000 रुपये होती. मोठ्या कंपन्यांनी दहा लाख भरावेत, त्याबद्दल माझी तक्रार नाही. माझं दुखणं तक्त्याच्या खालच्या टोकाला आहे. दर पहिल्या लाखावर सर्वांत जड, पुढे तो उतरत जातो आणि शेवटी मर्यादा येऊन थांबतो. शंभर कोटींचा दावा लावणारा दहा लाख भरतो, म्हणजे त्याच्या रकमेचा हजारावा हिस्सा. माझ्या फॅब्रिकेशनवाल्याला त्याच्या रकमेचा याच्या कितीतरी पट हिस्सा भरावा लागतो, आणि तोही कोणी त्याचं म्हणणं ऐकून घेण्याआधी. फी कमी पडली आणि दिलेल्या मुदतीत भरली नाही, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 7 नियम 11 खाली वादपत्र फेटाळलं जातं. बिलं खरी की खोटी, हा प्रश्नच तिथे उपस्थित होत नाही.

सवलती आहेत, असं आपण म्हणाल. आहेत, आणि मी त्या नाकारत नाही. 1 ऑक्टोबर 1994 च्या अधिसूचनेने पोटगी, घटस्फोट, अत्याचार आणि मालमत्तेच्या वादांत स्त्रियांना फी माफ झाली. मालमत्तेचे वाद म्हणजे वैवाहिक संबंधांतून निघालेले, एवढाच त्याचा अर्थ पुढे राहिला. 1987 च्या विधी सेवा कायद्याखाली स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना, आणखी काहींना आणि ठरावीक मर्यादेच्या आत उत्पन्न असणाऱ्यांना मदत मिळते. ती मिळवून दिल्याचं समाधान मीही अनुभवलं आहे. पण माझ्या पक्षकाराची कागदावरची उलाढाल त्या मर्यादेच्या वर दिसते. उरला आदेश 33, निर्धन व्यक्तीचा दावा. तिथे सरकारी वकिलाला नोटीस जाते, चौकशी होते, आपल्याकडे काय काय आहे याची यादी शपथेवर द्यावी लागते. वेल्डिंगचं मशिन कारागिराचं हत्यार म्हणून सुटतं, पण दोन खोल्यांचं स्वतःचं घर मोजलं जातं. घर आहे म्हणून तो निर्धन नाही, आणि फी भरण्यासाठी घर विकावं असं तर कायद्यालाही म्हणायचं नसेल! आयुष्यभर कष्ट करून दोन खोल्या बांधणाऱ्या माणसाला या दोन टोकांच्या मध्ये कुठेच जागा नाही.

याच माणसाने धंद्यासाठी घेतलेलं मशिन उद्या सदोष निघालं, तर स्वयंरोजगारासाठी घेतलेली वस्तू म्हणून तो ग्राहक आयोगाकडे जाऊ शकतो. मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर 2020 च्या नियमांनुसार तिथे तक्रारीला एक रुपयाही फी नाही. विकत घेतलेल्या वस्तूबद्दल दाद फुकट आणि स्वतःच्या हातांनी केलेल्या कामाच्या मोलासाठी आधी स्टॅम्प. हा भेद कुठल्या न्यायाने केला, ते आम्हाला कोणी तरी सांगा.

फी असली की खोटे दावे थांबतात, हे समर्थन फार जुनं आहे. 1795 च्या बंगालच्या रेग्युलेशनच्या प्रस्तावनेत ते आहे, आणि त्या प्रस्तावनेइतकी निरर्थक प्रस्तावना दुसरी नाही असं खुद्द मेकॉलेने म्हणून ठेवलं आहे. ज्याच्याकडे पैसा आहे तो खोटा दावाही लावतो. फीने अडतो तो पैसा नसलेला, मग त्याचा दावा कितीही खरा असो. सेटलवाडांच्या अध्यक्षतेखालच्या विधी आयोगाने 1958 मध्ये चौदाव्या अहवालात सांगितलं की न्यायदानातून राज्याने नफा कमावू नये. आम्ही भरलेली फी राज्याच्या एकत्रित निधीत जमा होते. आमच्या न्यायालयात पक्षकारांना बसायला पुरेसे बाक नाहीत आणि साक्षीला आलेल्या बायका व्हरांड्यात उभ्या असतात. ही फी कुणासाठी घेतली, असं त्यांनी विचारलं तर मी काय दाखवू?

दावा जिंकल्यावर खर्च प्रतिवादीकडून मिळतो, हेही मी पक्षकारांना सांगतो. पण हुकूमनाम्यानंतर दरखास्त, दरखास्तीत पुन्हा तारखा. तोवर उसनवारीवर आणलेल्या फीचं व्याज चालूच. शिवाय पैशाच्या वसुलीला मुदत कायद्याने तीन वर्षं आहेत. संहितेच्या कलम 149 खाली न्यायालय उरलेली फी नंतर भरू देऊ शकतं, पण तो न्यायालयाच्या मर्जीचा भाग. त्या भरवशावर पक्षकाराला पुढे ढकलण्याची हिंमत कुठल्याही वकिलाला होत नाही.

म्हणून मागणी स्पष्ट मांडतो. पाच लाखांपर्यंतच्या पैशाच्या दाव्यांना, ग्राहक आयोगात आहे तशी, फी माफ करा. ते आज जमत नसेल तर दावा दाखल होताना नाममात्र रक्कम घ्या आणि उरलेली फी निकालाच्या वेळी हरलेल्या पक्षाकडून वसूल करा. जमीन महसुलाची थकबाकी वसूल करण्याची यंत्रणा सरकारकडे आहे. ती फॅब्रिकेशनवाल्याकडे नाही. आणि कोर्ट फीतून दर वर्षी किती पैसे आले, त्यांतले किती तालुक्याच्या न्यायालयांवर खर्च झाले, हा हिशेब सभागृहात जिल्हावार मांडा.

माझ्या पक्षकाराची मुदत येत्या मार्चअखेर संपते. त्याने बायकोचे दागिने गहाण टाकायचं ठरवलं आहे. त्याला थांबवावं की वादपत्र टाइप करायला द्यावं, हे मला पुढच्या आठवड्यात ठरवायचं आहे.

आपला,
तालुका न्यायालयातला एक वकील