उमेदवारी कुणाला परवडते?

आपल्याकडे ‘उमेदवारी’ हा शब्द जुना आहे. सोनाराच्या पेढीवर, छापखान्यात किंवा वकिलाच्या कचेरीत नवा मुलगा आधी उमेदवारी करीत असे आणि हात बसला म्हणजे पगारी होत असे. आता तीच गोष्ट ‘इंटर्नशिप’ हे इंग्रजी नाव घेऊन आपल्या कला शाखेच्या वर्गात आली आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने पुस्तकी अभ्यासाला प्रत्यक्ष कामाची जोड दिली. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या हिशेबाने अशा कामाचे तीस तास म्हणजे एक श्रेयांक. चार श्रेयांक हवे असतील तर १२० तास. आम्हा इतिहासाच्या विद्यार्थ्यांना यासाठी वस्तुसंग्रहालये आणि कलादालने सुचविली जातात. सूचना चांगलीच आहे. माझा प्रश्न एवढाच, की ही उमेदवारी कुणाला परवडते?

अशा कामाला माझा विरोध नाही, हे आधीच सांगते. त्याचे मोल किती असते याचा एक दाखला आपल्याच भागातला आहे. अंबरनाथचे शिवमंदिर आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिले असेल, निदान महाशिवरात्रीच्या गर्दीत तरी. १८६८ साली सरकारच्या हुकुमावरून मुंबईच्या आर्ट स्कूलचे विद्यार्थी आपले शिक्षक टेरी यांच्याबरोबर तेथे आले. त्यांनी मंदिराची रेखाचित्रे काढली आणि कोरीव कामाचे साचे घेतले. डॉ. भाऊ दाजी लाड यांचेही मार्गदर्शन या कामाला होते. मंदिरातला शिलालेख भाऊ दाजींनी वाचला आणि त्यातले वर्ष शक ७८२ असे लावले. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजींनी तोच लेख पुन्हा तपासून ते शक ९८२, म्हणजे इसवी सन १०६०, असल्याचे दाखविले. एका आकड्याने दोनशे वर्षांचा फरक पडला! असले शिक्षण वर्गातल्या बाकावर बसून मिळत नाही. वस्तूसमोर उभे राहावे लागते, पुन्हा पुन्हा पाहावे लागते. ज्या भाऊ दाजींचे नाव १९७५ पासून भायखळ्याच्या वस्तुसंग्रहालयाला आहे, त्यांचे वाचनही दुरुस्त होऊ शकते, हे कळणे म्हणजेच इतिहास शिकणे होय.

परंतु दीडशे वर्षांपूर्वीची ती मुले सरकारी कामावर, सरकारी खर्चाने आली होती. आज आमच्यापुढे येणारी उमेदवारी बहुधा बिनपगारी असते. गेल्या वर्षी मुंबईतल्या एका कलादालनात मी चौकशी केली. काम तीन महिन्यांचे, वेळ सकाळी अकरा ते सायंकाळी पाच. विद्यावेतन नाही, प्रवासखर्च नाही, आणि आपली कलेची आवड इंग्रजीत दोनशे शब्दांत लिहून पाठवायची. ‘प्रमाणपत्र मिळेल ना,’ असे मला सांगण्यात आले. माझे वडील डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर काम करतात, आई पोळीभाजी केंद्रात पोळ्या लाटते, आणि मी संध्याकाळी पाचवी-सहावीच्या मुलांच्या शिकवण्या घेते. त्या शिकवण्यांतून माझी फी आणि धाकट्या भावाची पुस्तके निघतात. तीन महिने शिकवण्या बंद ठेवल्या तर मुले दुसरीकडे जातील. ती प्रमाणपत्र पाहून परत येणार नाहीत. मी त्या कलादालनात गेले नाही.

हिशेबच मांडायचा तर मांडू या. रोज चार तास काम धरले तर १२० तासांना तीस दिवस लागतात. डोंबिवलीहून बोरीबंदरला जाऊन-येऊन, चालणे आणि फलाटावरची वाट पाहणे धरून, तीन तास सहज जातात. म्हणजे १२० तासांवर आणखी ९० तास लोकलमध्ये उभे राहून काढायचे. या तासांना श्रेयांक नाही. फोर्टजवळ राहणारी मुलगी आणि टिटवाळ्याहून येणारा मुलगा यांना कागदावर सारखेच श्रेयांक मिळतात. पण दोघांनी मोजलेली किंमत सारखी नसते.

आमच्या चाळीतला एक मुलगा आयटीआय करून कारखान्यात ॲप्रेंटिस लागला. १९६१ च्या ॲप्रेंटिस कायद्यामुळे त्याला विद्यावेतन मिळते. रक्कम मोठी नाही, पण घरात ‘मुलगा काहीतरी आणतो’ असे म्हणता येते. लेथवर शिकणाऱ्याच्या श्रमाला मोल आहे, मग जुन्या वस्तूंची नोंद करणाऱ्या, प्रेक्षकांना दालन दाखविणाऱ्या विद्यार्थ्याच्या श्रमाला का नसावे?

यावर उत्तर ठरलेले असते: संग्रहालयांकडे पैसा कोठे आहे? शिवाय नवख्याला शिकविण्यात जाणत्या माणसांचा वेळ जातो. यात तथ्य आहे, मी ते नाकारत नाही. पण बिनपगारी उमेदवारीचा खर्च वाचत नसतो, तो फक्त विद्यार्थ्याच्या घरावर ढकलला जातो. ज्या घराला तो पेलत नाही, तेथले मूल दारातूनच परतते. पुढे अभिरक्षक आणि मार्गदर्शक कोण होणार हेही तेथेच ठरून जाते, आणि मग ‘सामान्य माणूस संग्रहालयात का येत नाही’ यावर परिसंवाद भरतात!

हा विचार माझ्या एकटीचा नाही. अमेरिकेतल्या कलासंग्रहालयांच्या संचालकांच्या संघटनेने २०१९ साली ठराव करून, प्रशिक्षणार्थींना वेतन द्यावे असे सर्व सभासदांना आवाहन केले. लॉस एंजेलिसच्या गेटी संस्थेने तर १९९३ पासूनच, ज्या समाजांतली मुले या क्षेत्रात दिसत नाहीत त्यांच्यासाठी पगारी उमेदवारी सुरू केली. त्यांच्याइतका पैसा आपल्याकडे नाही हे खरे. पण सेकंड क्लासचा पास आणि दुपारचे जेवण यांना किती लागतो? शनिवार-रविवारी काम करण्याची मुभा आणि मराठीत लिहिलेला अर्ज यांना तर काहीच लागत नाही.

दुसरे असे, की प्रत्येक वेळी आम्हीच मुंबईला का जावे? छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने २०१५ पासून फिरते संग्रहालय बसमधून शाळांच्या दारी नेले आहे. वस्तू जर बसमधून गावाला जाऊ शकतात, तर प्रशिक्षण कल्याणला का येऊ शकणार नाही? आणि आपल्या परिसरात काम का थोडे आहे? अंबरनाथचे मंदिर आहे. गेटवेजवळचा शिवछत्रपतींचा अश्वारूढ पुतळा घडविणारे शिल्पकार भाऊ साठे यांचे शिल्पालय डोंबिवलीत आहे. १८६४ चे कल्याणचे सार्वजनिक वाचनालय आणि १८९३ चे ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय आहे. ठाण्याच्या किल्ल्यात १७८७ साली खोदकाम करताना शिलाहारांचा ताम्रपट सापडला होता. कान्हेरीच्या लेण्यांत कल्याणच्या दात्यांचे शिलालेख आहेत. महाविद्यालयाने अशा संस्थांशी करार करावा, मुंबईच्या संग्रहालयातले जाणकार महिन्यातून दोनदा येऊन शिकवून जावेत, आणि आम्ही नोंदी कराव्यात, छायाचित्रे काढावीत, रविवारी येणाऱ्या लोकांना मराठीतून माहिती सांगावी. माझ्या आईसारखी बाई अंबरनाथला फक्त हात जोडून परत येते. भिंतीवरच्या मूर्तींची ओळख तिला तिच्याच बोलीत कुणी करून दिली तर ती ऐकेल, याची मला खात्री आहे. ते काम माझ्यासारखी मुले इतरांपेक्षा चांगले करतील, कारण ती बोली आमच्या घरातलीच आहे.

मित्रहो, आपल्यापैकी अनेकांच्या घरात पदवीपर्यंत पोचणारे आपण पहिलेच आहोत. महाविद्यालयाचे दार आपल्याला उघडले ते फीच्या सवलती आणि शिष्यवृत्त्या यांमुळे. तेथे जे तत्त्व मान्य झाले, तेच संग्रहालयाच्या दारात मान्य व्हावे, एवढीच आपली मागणी आहे. विद्यार्थी मंडळाच्या पुढच्या सभेत पास, जेवण, सुटीच्या दिवशीचे काम आणि मराठी अर्ज या चार गोष्टींचा ठराव मांडावा आणि प्राचार्यांमार्फत तो संग्रहालयांकडे पाठवावा, असे मी सुचविते. ठराव लिहून द्यायला मी तयार आहे. सह्या मात्र आपण सर्वांनी करावयाच्या आहेत.

— एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला