कामणची वीज आणि महावितरणची वही

कामणच्या कारखानदाराला वीज कोण पुरवितो याचे सोयरसुतक नाही. ती का गेली व केव्हा येणार, एवढेच त्याला हवे असते. फीडरवर किती वीज सोडली आणि रोहित्रागणिक किती बिलांत उतरली, यांचा मेळ घातला की गळतीचे ठिकाण कळते. ही शाळकरी वजाबाकी होय. अवघड आहे ते दरमहा ती पाहून खांबावर माणूस धाडणे! संगणकात आकड्यांची रास रचणे म्हणजे व्यवस्थापन नव्हे.

शेजारच्या भिवंडीत २००७ साली वितरणाचे काम टॉरंट पॉवरकडे गेले व गळती पुष्कळ घटली. बिलांविषयी तक्रारीही झाल्या, हे आम्ही विसरत नाही. २००३ च्या विद्युत कायद्यान्वये एकाच मुलखात दुसऱ्या वितरकास परवाना मिळू शकतो. मोठ्या ग्राहकास बाहेरून वीज घेता येते. असे ग्राहक गेले की त्यांचा भार घरगुती बिलांवर येणार.

तेव्हा कामणच्या प्रत्येक फीडरची गळती आणि वीज खंडित राहिल्याचे तास महावितरणने दरमहा जाहीर करावेत, अशी आमची मागणी आहे. आरंभ येत्या पावसाळ्यापूर्वी व्हावा.