हळदीचा अर्क आणि अबकारी खाते

औषधी वनस्पतीचा गुण तिच्या मुळांत, सालीत अथवा कंदात साठलेला असतो हे आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो. परंतु तो गुण तेथून सोडवून आणणारे द्रावक कोणते, याची चौकशी करण्याची सवय मात्र आपल्या समाजाला अद्याप लागलेली नाही. चीनच्या तू यूयू यांना 1971 मध्ये हिवतापावर खात्रीने लागू पडणारा अर्क मिळाला, तो एखादी अज्ञात वनस्पती सापडली म्हणून नव्हे, तर आधीच परिचित असलेल्या वनस्पतीतील, उकळण्याने नाश पावणारे द्रव्य त्यांनी अवघ्या 35 अंशांवर उकळणाऱ्या ईथरने मंद उष्णतेवर काढले म्हणून. आणि त्याच कार्यासाठी 2015 चे नोबेल पारितोषिक त्यांना लाभले. द्रावकाची निवड ही म्हणूनच कारखान्याच्या भिंतीआड उरकण्याजोगी क्षुल्लक बाब नव्हे.

आपल्या वैद्यकाने हे फार पूर्वी ओळखले होते. स्वरस, कल्क, क्वाथ, हिम आणि फांट या पाच कल्पनांत मुख्य आधार पाण्याचा; जे पाण्यात उतरत नाही त्यासाठी तेल अथवा तूप; आणि आसव-अरिष्टांत धायटीच्या फुलांच्या साह्याने मडक्यातच हळूहळू उत्पन्न होणारा मद्यार्क. आधुनिक रसायनशास्त्र ज्यांना हरित द्रावके म्हणून गौरवते, त्यांतील कित्येक या यादीत आधीच आहेत, हे प्राचीनांच्या अभिमानापोटी नव्हे, तर वस्तुस्थिती म्हणून नमूद करणे अवश्य आहे.

आता हळदीकडे पाहू. सांगलीच्या पेठेत आणि हिंगोली जिल्ह्यातील वसमतच्या परिसरात ज्या पिकावर सहस्रावधी कुटुंबांचा संसार चालतो, त्या पिकातील कर्क्युमिन हा पिवळा घटक पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. म्हणून त्याचा अर्क काढण्यास अ‍ॅसिटोन, हेक्झेन, इथिलीन डायक्लोराइड, इथाइल अ‍ॅसिटेट अथवा मद्यार्क यांपैकी काहीतरी लागतेच. या सर्वांना एकाच मापाने मोजणे अन्यायाचे होईल. अ‍ॅसिटोन तुलनेने सौम्य आहे. हेक्झेन मात्र खनिज तेलापासून मिळते, आणि त्याची वाफ दीर्घकाळ श्वासात गेलेल्या कामगाराच्या हातापायांच्या मज्जातंतूंना इजा होते, हे वैद्यकाने सिद्ध केले आहे. इथिलीन डायक्लोराइडविषयी तर औषधनिर्मितीच्या आंतरराष्ट्रीय संकेतांनी त्याचा अवशेष दशलक्ष भागांत 5 भागांपलीकडे नसावा, असा कडक दंडक घालून दिला आहे. आणि तरीही अमेरिकेच्या अन्नविषयक नियमांत मसाल्यांच्या अर्कासाठी हीच मर्यादा 30 भाग आहे. एकच कर्क्युमिन औषध म्हणून घेतले तर एक न्याय आणि पूरक आहार म्हणून घेतले तर दुसरा, ही विसंगती मला अत्यंत अस्वस्थ करते, कारण गोळी गिळणाऱ्या माणसाचे यकृत असा भेद जाणत नाही.

या द्रव्यांना पर्याय नाहीत असे मुळीच नाही. मुंबईच्या यूडीसीटीत, म्हणजे आजच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत, प्रा. विलास गायकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी या शतकाच्या आरंभीच काही विशिष्ट क्षारांच्या जलीय द्रावणाने मिरीतील पायपेरीन आणि हळदीतील कर्क्युमिन काढून दाखविले. 31 अंश तापमान व सुमारे 74 बार दाब ओलांडलेला कार्बन डायऑक्साइड अर्क काढून कोणताही अवशेष मागे न ठेवता उडून जातो. त्याची यंत्रसामग्री मात्र महाग. कोलीन क्लोराइडसारख्या घनपदार्थांच्या मिश्रणातून तयार होणारी नवी द्रावके प्रभावी आहेत, परंतु ती उडून जात नसल्याने अर्कातून वेगळी काढणे कठीण.

सामान्य कारखानदाराला परवडेल असे द्रावक उरते ते मद्यार्क. तो 78 अंशांवर उकळतो, ऊर्ध्वपातनाने पुन्हा वापरता येतो, आणि अवशेष राहिलाच तर औषधांत त्याची 5000 भागांपर्यंत मुभा आहे. हळदीतील शर्करादी इतर घटकही तो सोबत ओढून आणतो, त्यामुळे शुद्धीकरणाचे काम वाढते, हे खरे. पण तो दोष सुधारण्याजोगा आहे. मळीपासून मद्यार्क करणाऱ्या आसवन्या सांगली-कोल्हापुरात हळदीच्या शेजारीच उभ्या आहेत. असे असता अडचण कोठे येते? ती येते दप्तरात. मद्यार्क बाळगायचा म्हणजे 1949 च्या दारूबंदी कायद्याखालील परवाने, साठ्याच्या नोंदवह्या, वाहतुकीचे पास आणि अंमलदारांच्या तपासण्या. हेक्झेनच्या पिंपाला अबकारी खात्याचे यातले काहीही लागत नाही. देश पेट्रोलमध्ये 20 टक्के मद्यार्क मिसळून तो वाहनांत जाळतो, आणि औषधाचा अर्क मात्र पेट्रोलियमच्या अंशाने काढला जातो, याहून उलटा व्यवहार कल्पनेत येणे अवघड आहे.

औद्योगिक मद्यार्काचे नियमन कोणी करावे हा वाद 23 ऑक्टोबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने आठ विरुद्ध एक मतांनी राज्यांच्या बाजूने निकालात काढला. अधिकार आपलाच ठरला, म्हणजे जबाबदारीही आपलीच. चोरट्या दारूची भीती खरी असली तरी तिच्यावर उपाय मद्यार्क पिण्यास अयोग्य करून देण्यात आहे. मात्र त्यासाठी मिसळायचे द्रव्य अर्कात घातक अवशेष ठेवणार नाही असे निवडले पाहिजे.

एक धोका मात्र स्पष्ट सांगितला पाहिजे. सह्याद्रीतील नरक्या या झाडात कर्करोगावरील औषधांचा आधार असलेले कॅम्प्टोथेसिन असते, आणि त्यापायी त्याची बेसुमार तोड झाली. तेथे द्रावक कितीही निर्मळ असले तरी झाड वाचत नाही. हळद शेतात दरवर्षी नव्याने लावली जाते, म्हणून आरंभ तिच्यापासून करावा.

तेव्हा राज्य सरकारने हळदीचा अर्क काढणाऱ्या लघुउद्योगांना मद्यार्काचा एकच, दीर्घ मुदतीचा परवाना द्यावा, वसमतच्या हरिद्रा संशोधन केंद्राकडे त्यांच्या प्रशिक्षणाचे काम सोपवावे, आणि अर्क कोणत्या द्रावकाने काढला हे प्रत्येक डबीवर मराठीत छापण्याची सक्ती करावी. वाचकांनीही पुढची डबी घेताना दुकानदाराला तो प्रश्न विचारावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.