मऊ पायडल आणि तपासणीचे पैसे

वेळणेश्वरसारख्या गावात गॅरेज टाकायचं म्हणताय, तर कधीतरी दारात जुनी प्रीमियर पद्मिनी येणारच. मुंबईतली तिची टॅक्सी ऑक्टोबर २०२३मध्ये बंद झाली, पण घरची गाडी म्हणून जपणारे अजून आहेत. चारही चाकांना ड्रम ब्रेक. तुम्ही नवे शू टाकता आणि पायडल मऊच!

बहुतेक जण लगेच हवा काढायला बसतात. दोन डबे ब्रेक ऑइल संपतं, पायडल तसंच. माझं मत स्पष्ट आहे: आधी शूचं सेटिंग बघा. शू ड्रमपासून लांब असले की पायडल खोल जातं, दोन-तीनदा भरभर दाबलं की वर येतं. नव्या लायनरचा गोलावा ड्रमशी जुळत नसेल तर शू दबून वाकतो, पायाला स्पंजासारखं लागतं. तिथे कितीही ऑइल ओता! हे ठीक असेल तर मग हवा काढा, मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून. जुना रबरी होज फुगतोय का, तेही बघा. आणि कधीचा उघडलेला डबा नको. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढतं, त्यात आपला कोकणातला पावसाळा. उतारावर तापलं की त्या पाण्याची वाफ होते.

आता धंद्याचं. शोधून काढणं हेच तुमचं खरं काम, त्याचे पैसे मागायला लाजू नका. "बघणं फुकट" म्हणणारा शेवटी नको ते पार्ट बदलूनच पैसे काढतो. तपासणीचा दर बोर्डावर लिहा. आणि गिऱ्हाईक कितीही घाई करो, पायडल घट्ट झाल्याशिवाय चावी देऊ नका.