कारकुनीचा कैवार

गेल्या दिवाळीत आमच्या घरच्या चकल्या फसल्या. सोऱ्यातून उतरताच त्यांचे तुकडे पडत होते, आणि जी चार-दोन वेटोळी सलग टिकली त्यांना काटा म्हणून नव्हता. दोष कोणाचा? भाजणी तर आजीच्या वहीतली, आणि आजीचा हात आळीत नावाजलेला. पत्नीने वही माझ्यापुढे टाकली. शाई विटली होती, पण अक्षर स्वच्छ: तांदूळ चार शेर, हरभऱ्याची डाळ दोन शेर, उडदाची डाळ एक शेर, धने दोन आण्यांचे, जिरे एका आण्याचे.

आता एका आण्याचे जिरे म्हणजे किती, हे मला कोणी सांगेल काय? १९५७ साली नवे पैसे आले आणि आणा हिशेबातून उठला. १९५६ च्या कायद्याने किलो आला आणि शेर गेला. त्यातही आजीचा तांदळाचा शेर पितळेच्या मापाचा आणि डाळीचा शेर वाण्याच्या तागडीचा. पत्नीने काय केले? तांदूळ घरात होते ते डब्यातल्या मापाने घेतले, डाळी दुकानातून आणल्या त्या किलोने घेतल्या, आणि जिरे देवावर सोडले. चकल्या फसल्या नसत्या तरच नवल!

वही खोटी नव्हती. ती लिहिली त्या दिवशी तिच्यातला शब्दन् शब्द खरा होता. पुढे जग हलले आणि वही जागची हलली नाही. हा अपराध वहीचा नव्हे, आमचा. तीन पिढ्यांत एकानेही पेन्सिल घेऊन शेरापुढे आजचे वजन लिहिले नाही. लिहिणारी आजी होती. राखणारा कोणी नव्हता.

वाचकहो, फराळाचे ताट पुढे असताना मी आज भांडायला उभा आहे, तो या राखणाऱ्याच्या बाजूने.

मी मोहने येथे राहतो. उल्हास नदीचा काठ, जवळ आंबिवलीचे स्टेशन, आणि ज्याच्याभोवती ही वस्ती वाढली तो रेयॉनचा कारखाना २००९ साली बंद पडलेला. कोणताही कारखाना बंद पडला की यंत्रे भंगारात जातात, ती सर्वांना दिसतात. पण कोणता व्हॉल्व्ह उलटा फिरतो आणि कोणता पंप पावसाळ्यात दोनदा चालू करावा लागतो, हे डोक्यात ठेवणारा फिटर घरी जातो, ते कोणाला दिसत नाही. ते ज्ञान भंगाराच्या भावानेसुद्धा विकले जात नाही. हे आसपास पाहत मी वाढलो. आज पोटासाठी संगणकाचे काम करतो, आणि रात्री जेवणे आटोपल्यावर तासभर लिनक्सच्या माहितीपत्रांतल्या चुका दुरुस्त करून पाठवतो.

लिनक्स म्हणजे काय, हे घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. संगणकात अनेक कामे एकाच वेळी चालतात. कोणी किती स्मृती वापरायची, कोणाची पाळी आधी, कागदपत्रे डिस्कवर कोठे ठेवायची, याचा निवाडा करणारा एक कारभारी आत बसलेला असतो. त्याला गाभा म्हणावे. १९९१ साली हेलसिंकीच्या विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्स नावाच्या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने असा एक गाभा लिहिला आणि तो जगासमोर उघडा ठेवला. कोणीही वाचावा, वापरावा, सुधारावा. आज आपल्या घरात ज्यांच्या हाती अँड्रॉइडचा मोबाइल आहे, त्या सर्वांच्या मुठीत तोच गाभा आहे. २०१७ पासून जगातले पहिले पाचशे महासंगणकही त्यावरच चालतात. त्याच्या ओळी तीन कोटींच्या पलीकडे गेल्या आहेत, आणि दर नऊ-दहा आठवड्यांनी त्याची नवी आवृत्ती निघते.

या प्रचंड वाड्यात एक दफ्तरखाना आहे. कोणते कलम कशासाठी, कोणती कळ दाबली तर काय होते, नव्या माणसाने दुरुस्ती कशी पाठवावी, हे सारे त्यात लिहून ठेवलेले आहे. जॉनथन कॉर्बेट नावाचे अमेरिकन गृहस्थ वर्षानुवर्षे तो दफ्तरखाना सांभाळीत आले आहेत. २०१६ पासून त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्या विस्कळित फायली एका नव्या, सुटसुटीत मांडणीत आणायला घेतल्या. हे काम एका दिवसाचे नव्हे. फाईल एका जागेवरून दुसऱ्या जागी गेली की तिच्याकडे बोट दाखवणारी शंभर वाक्ये खोटी पडतात. माझी पहिली दुरुस्ती असल्याच एका वाक्याची होती. एक ओळ, तीही कोठे पाहावे एवढेच सांगणारी. घरी म्हणाले, “एवढ्यासाठी जागलास?”

एवढ्यासाठी का जागलो, ते सांगणे मला सोपे नाही. पण ते सांगितल्यावाचून या लेखाला अर्थ नाही.

पाच वर्षांपूर्वी मी ज्या कचेरीत होतो तेथे रात्रपाळीसाठी एक टिपण होते. जागा संपत आली तर दुसऱ्या क्रमांकाची डिस्क पुसून नव्याने आखावी, असे त्यात लिहिलेले. लिनक्सचा गाभा डिस्कांना ही क्रमाची नावे देतो ती त्या जशा सापडतील तशी. आज दुसरी असलेली डिस्क उद्या तिसरी होऊ शकते. म्हणूनच कायमच्या खुणेने डिस्क ओळखावी, असा जाणत्यांचा सांगावा आहे. महिनाभर आधी यंत्रात एक नवी डिस्क बसली आणि क्रम बदलला. हे मला ठाऊक होते. टिपण मी पाहिले होते. ती ओळ आता चूक आहे, हेही मनात येऊन गेले. पण टिपण माझ्या नावावर नव्हते, आणि असली कारकुनी कोणी करावी, म्हणून मी पान मिटले.

एका रात्री एका पोराने टिपण उघडून, सांगितले तसे, अक्षरशः पाळले. पुसायची ती डिस्क राहिली आणि राखायची ती पुसली गेली. सकाळी चौकशी झाली. सगळ्यांची बोटे त्याच्याकडे वळली. त्याची नोकरी नवी होती, ती गेली. मी खोलीत होतो. मी बोललो नाही.

यावर आमचे एक हुशार स्नेही म्हणतात, “टिपणे कशाला हवीत? चांगला प्रोग्रॅम स्वतःच बोलतो. तो वाचावा.” मोठे भारदस्त वाक्य आहे हे! पण प्रोग्रॅम काय करतो एवढेच सांगतो. त्याने काय करायला हवे होते, हे सांगत नाही. दार उघडे आहे, हे कोणालाही दिसेल. ते पाहुण्यासाठी उघडे ठेवले की रात्री लावायचे राहून गेले, हे घरच्या माणसाने सांगितल्याशिवाय कसे कळणार? ज्याला लिखित हेतू नाही त्याच्या बाबतीत चूक कोणती आणि योजना कोणती, हे ठरवताच येत नाही. स्वतः लिहिलेलेच सहा महिन्यांनी न समजून हेच स्नेही कपाळाला हात लावताना मी पाहिले आहेत.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा. “याचे पैसे मिळतात काय? बढती मिळते काय?” नाही मिळत. आणि तेच तर माझे गाऱ्हाणे आहे. गाभ्याला हाक कशी मारावी हे सांगणारी एक वेगळी पृष्ठमाला आहे. २००४ पासून मायकल केरिस्क यांनी ती सोळा-सतरा वर्षे सांभाळली, आणि त्यांच्यामागून आलेखांद्रो कोलोमार यांनी. २०२४ च्या सप्टेंबरात कोलोमार यांनी जाहीर केले की मोकळ्या वेळात, बिनपगारी, हे काम आता आपल्याच्याने होणार नाही. त्या पानांवर साऱ्या जगाचे दुकान चालले होते. पण काम थांबले असे ऐकल्यावरच काही कंपन्यांनी पैसे पुढे केले. विहिरीवर गाव पाणी भरते. रहाटाला तेल घालणाऱ्याची आठवण रहाट अडल्यावर होते.

तिसरा आक्षेप ताजा आहे. “आता यंत्रच लिहील!” लिहील की. सुरेखही लिहील. पण लिहिलेल्याची हमी कोण घेणार? लिनक्समध्ये २००४ पासून असा दंडक आहे की एका अक्षराची दुरुस्ती पाठवायची तरी खाली आपले नाव घालून ती पाठवण्याचा आपल्याला अधिकार असल्याची सही द्यायची. जुन्या कागदावर मोर्तब असे, तसलीच ही गोष्ट. माणूस नाव घालतो तेव्हा तो म्हणतो, चुकले तर मला विचारा. यंत्राला विचारायला गेलात तर ते नम्रपणे क्षमा मागेल आणि दुसरी चूक तितक्याच सुरेख भाषेत लिहून देईल.

पण या सर्वांपेक्षा जुना आणि खोल रुजलेला आक्षेप आमच्या मनात आहे. तो एका शब्दात मावतो: कारकुनी. हा शब्द आम्ही शिवीसारखा वापरतो; आणि आमची आडनावे पाहा! फडणीस, चिटणीस, सबनीस, पोतनीस, कारखानीस. ही सारी लिहून ठेवणाऱ्यांची, हिशेब राखणाऱ्यांची पदे. शिवछत्रपतींनी राज्य मिळवले आणि त्या राज्याचे शब्द काय असावेत, याचा राज्यव्यवहारकोशही करवून घेतला. तलवारीचे पोवाडे आम्ही गातो, दफ्तराचा मात्र आम्हांला कंटाळा!

आणि राखणाऱ्याचा थोर आदर्श पाहायला आम्हांला हेलसिंकीस जाण्याचे कारण नाही. ज्ञानेश्वरी सिद्ध झाली शके १२१२ मध्ये. पुढे तीनशे वर्षे ती हातोहात उतरली, आणि उतरता उतरता तीत अशुद्धे शिरली. शके १५०६ मध्ये पैठणच्या एकनाथांनी जुन्या प्रती ताडून तिचा पाठ शुद्ध केला. एकनाथ स्वतः केवढे कवी! भागवत, रुक्मिणीस्वयंवर, भारुडे. त्यांनी ठरवले असते तर ज्ञानदेवांच्या ओव्यांत आपल्या ओव्या बेमालूम मिसळल्या असत्या. त्यांनी उलट केले. आपली प्रतिभा बाहेर ठेवली आणि दुसऱ्याचा शब्द जागेवर बसवला. याला कोणी कारकुनी म्हणून पाहावे!

दुसरा दाखला म्हाइंभटांचा. चक्रधरस्वामींच्या लीळा ज्यांनी पाहिल्या-ऐकल्या त्यांना गाठून, विचारून, नागदेवाचार्यांकडून ताडून त्यांनी लीळाचरित्र सिद्ध केले. पुढे आक्रमणाच्या धामधुमीत मूळ पोथी हरवली आणि अनुयायांना ती आठवणीतून पुन्हा उभी करावी लागली. पाठभेद पडले ते त्यामुळे. नंतर ते साहित्य रक्षणासाठी सांकेतिक लिपीत गेले, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाड्यांनी लिपी उलगडीपर्यंत पंथाबाहेरच्या मराठी माणसाला ते बंदच राहिले. एकच प्रत ठेवली तर हरवते, कुलुपात ठेवली तर विसरते. उघड्यावर, अनेक हातांत, रोज झाडलेली अशी ठेवली तरच ती जगते. लिनक्सवाल्यांना हे उमगले, यात त्यांचे कौतुक आहे. आम्हांला माहीत असून उमगले नाही, यात आमची नामुष्की.

लिनक्सच्या दफ्तरखान्यात भाषांतरांचा कप्पा आहे. तेथे चिनी आहे, जपानी आहे, कोरियन, इटालियन, स्पॅनिश आहे. मराठी नाही. “गाभा ज्याला कळतो त्याला इंग्रजी येतेच,” असे कोणी म्हणेल. मग इटलीतल्या लोकांना काय येत नाही? गीता ज्यांना कळत होती त्यांनाही संस्कृत येतच होते! प्रश्न त्यांचा नव्हताच. दाराबाहेर उभ्या असलेल्यांचा होता.

तरीही मी असे म्हणणार नाही की उद्याच शंभर उत्साही तरुणांनी एकत्र यावे आणि महिन्याभरात सगळे मराठीत आणावे. तसला उत्साह आम्हांला पुष्कळ. उद्घाटनाला हार, नारळ आणि छायाचित्र. वर्षाने पाहावे तर पाने शेर-आण्यांची. मूळ बदलले आणि भाषांतर तसेच राहिले, तर ते भाषांतर नसण्याहून वाईट, कारण त्यावर कोणीतरी भरवसा ठेवील. मला शंभर नकोत. दोन माणसे हवीत, दहा वर्षांसाठी. दर आवृत्तीला मूळ काय बदलले ते पाहून आपली ओळ बदलणारी, खाली नाव घालणारी.

यंदा आम्ही भाजणी नव्याने बसवली. पत्नीने तीन वेळा थोडी थोडी करून पाहिली. तिसऱ्या खेपेस चकलीला काटा आला. आजीच्या शेरापुढे तिने पेन्सिलीने ग्रॅम लिहिले, एका आण्याच्या जिऱ्यापुढे चमचे लिहिले, आणि खाली तारीख व आपले नाव घातले. आजीची शाई तशीच ठेवली.

माझी दुरुस्ती राहिली होती. त्या रात्री टिपणातली ओळ चूक होती, ती चूक आहे हे मला ठाऊक होते, आणि त्या पोराने सांगितले तेच केले. हे मी त्या खोलीत बोलायला हवे होते. या अंकाची पहिली प्रत मी त्याला पाठवणार आहे. पाच वर्षे उशीर झाला. पण खाली माझे नाव आहे.