लपवण्यासारखं आहे तरी काय?

परवा ऑफिसात माझा फोन हातात घेऊन शेजारच्या टेबलावरच्या मित्राने विचारलं, "तुजे कडेन लिपोवपासारकें कितें आसा रे?" माझा गुन्हा एवढाच की सेकंडहँड पिक्सेल फोन घेतला, त्यातली कंपनीने दिलेली अँड्रॉइड पुसली आणि ग्राफीनओएस ही प्रणाली घातली.

मंडळी, हा प्रश्न ऐकला की माझं डोकं फिरतं. आमच्या काउंटरवर कोणी येऊन म्हणाला, "शेजाऱ्याची फाईल जरा दाखवा बघू," तर आम्ही काय करतो? अर्ज आणा, तुमचा संबंध काय ते लिहा, मग बघू. शेजाऱ्याने काही चोरलंय म्हणून नव्हे, फाईल त्याची आहे म्हणून! दुसऱ्याच्या कागदावर नागासारखे बसणारे आम्ही कारकून स्वतःच्या खिशातल्या फायलीबद्दल मात्र कर्णाचे अवतार. टॉर्चचं ॲप फोनबुक मागतं, आम्ही देतो. त्या फोनबुकात आपलं एकट्याचंच नाव असतं का? मावशीचा, डॉक्टरचा, भटजींचा, सगळ्यांचा नंबर आपण परस्पर वाटून मोकळे.

२०१८ साली अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या डग्लस श्मिट या प्राध्यापकांनी एक अँड्रॉइड फोन नुसता ठेवून दिला, मागे क्रोम चालू. २४ तासांत त्याने आपला ठावठिकाणा गूगलला ३४० वेळा कळवला. जागचा हलला नव्हता तो! इकडे २४ ऑगस्ट २०१७ रोजी आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी पुट्टस्वामी खटल्यात खाजगीपण हा मूलभूत हक्क आहे असं एकमताने सांगितलं. पण निकाल काही फोनमध्ये आपोआप उतरत नाही.

ही प्रणाली घालायला इंजिनियर लागत नाही. मी बी.ए.वाला. केबल लावायची, कॉम्प्युटरच्या ब्राउझरवरून एकेक पायरी पुढे जायचं. फोन आधी अनलॉक करावा लागतो, त्यात आतलं सगळं पुसलं जातं (फोटो आधी काढून ठेवा, मी चवथीचे विसरलो होतो). शेवटी पुन्हा लॉक. आता गूगलचं ॲप हवंच असेल तर ते इतर चार ॲपसारखं साध्या पाहुण्याच्या हक्काने येतं, घरमालक म्हणून नाही. एखाद्या ॲपचं इंटरनेटच बंद करता येतं. फोनबुकासाठी हटून बसलेल्या ॲपला मी निवडलेले दोनच नंबर दिसतात. बिचाऱ्याला वाटतं, या माणसाला मित्रच नाहीत.

गूगलच्या तावडीतून सुटायला गूगलचाच फोन विकत घ्यावा लागतो, हा विनोद मलाही कळतो. इतर कंपन्यांच्या बऱ्याच फोनांवर लिनिएजओएस चालते, पण तिथे बहुधा फोन अनलॉकच ठेवावा लागतो, म्हणजे दाराला कडी नाही. असो.

माझं खरं भांडण वेगळंच आहे. माझ्या बँकेचं ॲप या फोनवर चालत नाही. म्हणतं, "तुमचं उपकरण सुरक्षित नाही." अरे वा! सुरक्षा अपडेट वेळच्या वेळी येणारा, लॉक केलेला माझा फोन असुरक्षित. आणि कित्येक वर्षांत एकही अपडेट न आलेला आमच्या बंधुराजांचा फोन सुरक्षित, त्यावर तेच ॲप मजेत चालतं! कारण अशी बरीच ॲप्स फोनची मजबुती तपासतच नाहीत, प्ले इंटिग्रिटी नावाच्या सेवेमार्फत गूगलचा दाखला मागतात. दाखला गूगलने मान्य केलेल्या प्रणालीलाच मिळतो. प्रणाली अस्सल आहे की नाही हे फोनमधल्या चिपकडून थेट पडताळायची सोय अँड्रॉइडमध्येच आहे, ती वापरली तर ग्राफीनओएसही ओळखता येते. पण तेवढी तसदी कोण घेणार? माझे पैसे, माझा फोन, माझी बँक, आणि सही मात्र कॅलिफोर्नियातल्या कंपनीची. कुळाला जमीन कसायला भाटकाराची चिठ्ठी लागायची, त्यातलाच हा प्रकार.

शाखेत गेलो. तिथली मुलगी सौजन्याने म्हणाली, "सर, तुम्ही दुसरा फोन घ्या ना." तिचा दोष नाही. मी परत येऊन साधा अर्ज लिहिला: माझ्या फोनमध्ये नेमका कोणता सुरक्षा दोष आढळला, ते लेखी कळवावे. दुसऱ्या दिवशी नेऊन दिला. पोच घेतली आहे, शिक्का आणि इनवर्ड नंबरसकट. तोवर पासबुक घेऊन रांगेत उभा राहतो.